बारा मजले आणि खालचे बारा फूट

आमच्या लातुरात इमारतीची उंची मीटरमध्ये कुणी विचारत नाही. "किती मजली?" एवढंच विचारतात. उत्तर चार-पाच असेल तर पुढचा प्रश्न भाड्याचा येतो. बारा म्हटलं की मात्र लगेच दोन तट पडतात. एकाला वाटतं गाव आता पुण्याच्या पंगतीला बसलं, दुसऱ्याला वाटतं गाव गेलं कामातून. सध्या हे चाललंय ते एका बंद पडलेल्या टॉकीजच्या जागेवरून. गंजगोलाईपासून, म्हणजे गावच्या जुन्या गोल बाजारपेठेपासून, हाकेच्या अंतरावर ऑफिसांसाठी इमारत उठणार, बारा मजली, पुढून सगळी काच, अशी बोलवा आहे. जुन्या टॉकीजची वीटसुद्धा अजून हललेली नाही. तरी चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत लोक मजले चढवायलेत आणि उतरवायलेत.

मला यात ओढलं माझ्या भाच्यानं. तो पुण्यात एका आर्किटेक्टकडं नोकरीला आहे आणि या जागेची पहिली कच्ची रेखाटनं त्याच्याच टेबलावर आली. दिवाळीला आला तेव्हा लॅपटॉप उघडून बसला. "मावशी, तीन पर्याय काढलेत. तू बघ आणि कुठला बरा वाटतो ते सांग." शेजारचे तात्या नेमके तिथंच होते. त्यांचं गोलाईत कापडाचं दुकान, आजोबांच्या वेळेपासूनचं. तात्यांनी चष्मा वर केला, पडद्याकडं एकदा पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, "हे बघ बाळा, गोलाईपेक्षा उंच काही नको. देवीच्या डोक्यावर कुणी बसतं का?"

देवी म्हणजे गोलाईच्या मधोमध असलेली अंबाबाई. तात्यांच्या बोलण्यात भाविकपणा आहे तसा व्यवहारही आहे. १९१७ साली, निजामाच्या राजवटीत, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं ही गोलाकार दुमजली बाजारपेठ आखली. सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात. कुठल्या रस्त्याला सराफ, कुठल्या रस्त्याला चपला, कुठं मिरची, कुठं गूळ, हे खेड्यातून आलेल्या माणसाला पाटी न वाचता कळतं. एवढा बाजार दोन मजल्यांत बसला आणि शंभर वर्षं चालला, मग बारा कशाला पायजेत, असा तात्यांचा सवाल. वरवर बिनतोड वाटतो.

भाच्यानं तीन चित्रं शेजारी शेजारी लावली. हिशोबासाठी जागा वीस हजार चौरस फूट धरली होती आणि बांधकाम साठ हजार. पहिल्या पर्यायात चार मजले, प्रत्येक पंधरा हजारांचा. दुसऱ्यात आठ मजले, साडेसात हजारांचे. तिसऱ्यात बारा, पाच-पाच हजारांचे. एफएसआय, म्हणजे जागेच्या किती पट बांधकाम ते, तिन्हींत एकच. उंडा तेवढाच, पातळ थापला तर भाकरी तवाभर होते, जाड ठेवला तर तव्याच्या कडा मोकळ्या राहतात. तात्यांना हवी असलेली चार मजली इमारत पाऊण जागा खाऊन टाकते आणि उरलेल्या पाव जागेत गाड्या, जनरेटर, पाण्याची टाकी, कचरा सगळं कोंबावं लागतं. बारा मजली केली तर पंधरा हजार चौरस फूट जमीन मोकळी राहते. ती खरंच मोकळी ठेवतात का, हा प्रश्न वेगळा, आणि माझ्या मते खरा तोच.

तात्यांना हे पटलं नाही, पण ते गप्प झाले. कापडवाल्याला मापाचं गणित समजावून सांगावं लागत नाही.

उंचीची ही भांडणं मोठ्या शहरांनी आपल्या आधी करून ठेवलीत. १९१५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली. एकरभराहूनही कमी जमिनीवर जवळपास बारा लाख चौरस फूट. आपल्या भाषेत सांगायचं तर तीसच्या आसपास एफएसआय. रस्त्याच्या कडेपासून सरळसोट भिंत वर गेली आणि आसपासची घरं-दुकानं तिच्या सावलीत गेली. ओरड आधीपासून होतीच, ती आणखी वाढली आणि १९१६ मध्ये तिथं नियम आला: ठरावीक उंचीनंतर इमारतीनं पायरीपायरीनं मागं सरायचं. मात्र जागेच्या पाव भागावर मनोरा कितीही उंच नेला तरी हरकत नाही. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारती देवळाच्या शिखरासारख्या वर निमुळत्या होत जातात, त्याचं कारण हा नियम. त्यांनी उंचीला बंदी घातली नाही, जाडीला घातली. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी इकडं गोलाई. तिथं ऊन मिळावं म्हणून भांडण, इथं उन्हातून वाचायची सोय.

हा फरक विसरून इमारती आखल्या की काय होतं ते मे महिन्यात दिसतं. आपल्याकडं कुणी "शेजारच्या इमारतीची सावली आमच्यावर पडते" अशी तक्रार घेऊन गेला तर लोक म्हणतील, नशीबवान आहेस. पारा चाळीसच्या पुढं गेला की रस्त्यावरचा माणूस विजेच्या खांबाची सावलीसुद्धा सोडत नाही. "मग तर उंच इमारत चांगलीच की," मी भाच्याला म्हटलं. तो हसला. लातूर साधारण साडेअठरा अक्षांशावर. त्यामुळं मेच्या मध्याला, दुपारी सव्वाबारा-साडेबाराच्या दरम्यान सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. बारा मजल्यांची असो की चाळीस मजल्यांची, त्या घटकेला इमारत रस्त्यावर वीतभरही सावली देत नाही. सावली हवी असेल तर डोक्यावर आडवं काहीतरी पाहिजे. छज्जा, पडवी, मांडव, झाड. बाजारातले दुकानदार उन्हाळ्यात रस्त्यावर ताडपत्र्या ताणतात आणि अतिक्रमणवाले येऊन त्या काढतात, हा खेळ दरसाल चालतो. ताडपत्री बेकायदा आहे, कबूल. पण इमारतीच्या नकाशात ती नव्हती म्हणून तर रस्त्यावर आली.

काचेचं तर बोलायलाच नको. जागेचं तोंड पश्चिमेला आहे. मार्च ते जून चार वाजता उतरतं ऊन थेट त्या तोंडावर येणार. चित्रात काच निळीशार दिसते, ढग वगैरे पडलेले असतात तिच्यात. प्रत्यक्षात आत बसणारे दोन वर्षांत तिला फिल्म लावतात, मग पडदे, मग पडद्यामागं प्लायवूड, आणि एसी दिवसभर घुमत राहतो. बाहेरून जाणाऱ्याच्या डोळ्यांवर परतलेलं ऊन, ते वेगळं. भाच्याला विचारलं, हे तुला कळत नाही का? म्हणाला, "कळतं गं. पण मालकाला एलिव्हेशन पाहिजे." एलिव्हेशन म्हणजे इमारतीचं दर्शनी तोंड. आमच्याकडं हा शब्द बिल्डरपासून गवंड्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. घर कसंही असो, एलिव्हेशन पाहिजे. मागच्या तिन्ही बाजू कुणी बघत नाही, तिकडं पाइप आणि एसीचे डबे.

यावर शहाणी माणसं लगेच वाड्याची आठवण काढतात. जाड भिंती, लहान खिडक्या, मधे चौक, आत गारवा. पुण्याच्या माणसानं वाड्यासाठी गळा काढावा, त्याला शोभतं. आम्हाला ती सोय नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून दमलेली गावं नुकती निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. लातूर तिथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आमचं घर उभं राहिलं, पण त्यानंतर कित्येक रात्री आम्ही अंगणात काढल्या, आणि साधा ट्रक गेला तरी माणसं उठून बसायची. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतून आठ-दहा हजार माणसं गेली, बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. त्यातलं एकही माणूस उंच इमारतीखाली दबलेलं नाही, कारण तिथं उंच इमारतच नव्हती. लोक आपापल्या बसक्या घरांत गेले. दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, बाहेरून आणि आतून नीट लावलेले दगड, मधल्या पोकळीत चिपा आणि चिखल, दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद: लाकडी तुळया, त्यावर फूट-दीड फूट माती, आणि दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वरून आणखी थर. पिढ्यान्पिढ्या गारवा देणारं ते ओझं एका मिनिटाच्या आत खाली आलं. त्यानंतर आमच्या भागात लोकांनी माळवदं उतरवून पत्रे घातले. उन्हाळ्यात पत्रा जाळतो, पावसात त्याच्याखाली बोललेलं ऐकू येत नाही, तरी पत्रा. अंगावर पडला तरी माणूस उठून उभा राहतो, एवढा एकच गुण त्यात पाहिला गेला.

म्हणून लातुरात उंचीला जो विरोध होतो तो नुसता हेकेखोरपणा नाही. "भूकंपाचा पट्टा आहे, इथं बारा मजले?" असं तात्या म्हणतात तेव्हा त्यांच्या आवाजात मस्करी नसते. भूकंपाच्या वेळी हा सगळा भाग अभ्यासकांच्या नकाशावर सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात, झोन एकमध्ये होता. २००२ साली मानकं सुधारली, झोन एक हा प्रकारच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग झोन तीनमध्ये आला. तात्यांची भीती खरी आहे, तिचा पत्ता मात्र चुकलाय. उंची मारत नाही, सांधे मारतात. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब असलेल्या अहमदाबादेत इमारती बसल्या. त्यातल्या बऱ्याचशा तळमजला अधिक चार, म्हणजे तात्यांना चालणाऱ्या उंचीच्या. वर भिंतींनी भरलेले मजले, खाली पार्किंगसाठी नुसते खांब. वरचं धड घट्ट आणि पाय लटपटते. आपल्याकडच्या अपार्टमेंटांखाली बघा. बारीक खांब, मोकळी जागा, आणि वर "नो पार्किंग"ची पाटी.

त्यातून खाली आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसतं टेकवलेलं बांधकाम दरसाल थोडं उचललं जातं आणि थोडं खाली बसतं. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी तळाशी फुगीर असणारे खांब विकसित केले. काळवटीखाली मुरूम आणि मग कातळ कुठं लागतो, हे बघितल्याशिवाय चार काय अन् बारा काय, दोन्ही सारखेच. भाच्याला मी पहिल्यांदा हेच विचारलं: सॉइल टेस्ट झाली का? नाही झाली. चित्र आधी झालं.

इथं मला मकबरा आठवतो. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याला लोक स्वस्तातला ताजमहाल म्हणून नाकं मुरडतात. अताउल्ला वास्तुविशारद, हंसपत राय अभियंता, खर्च सहा लाख अडुसष्ट हजारांच्या आसपास, ताजच्या मानानं किरकोळ. पैसा कमी होता म्हणून संगमरवर फक्त खालच्या पट्टीला आणि घुमटाला लावला, मधल्या भागात काळा दगड आणि वर पांढरा गिलावा. मी त्या भिंतीला हात लावून उभी राहिले आहे. माणसाचा हात जिथवर पोचतो, डोळा जिथवर बारकाईनं बघतो, तिथं खरा दगड. वर, जिथं नुसता पांढरेपणा पुरतो, तिथं चुना. यात मला कद्रूपणा दिसत नाही. आजच्या व्यापारी संकुलांत हे नेमकं उलटं करतात. आठव्या मजल्याला अॅल्युमिनियमची चमकणारी एसीपी शीट आणि खाली, जिथं रोज हजार हात लागतात, तिथं पानाच्या पिचकाऱ्या झाकायला लावलेली देवांची टाइल.

मकबऱ्याभोवती निदान कायदा आहे. २०१० पासून केंद्र-संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढं दोनशे मीटर परवानगीचं लफडं. रोजच्या धंद्यात बुडालेल्या बाजारपेठेला असा फास लावावा असं मला वाटत नाही. लावला तर दुकानदार पंखा बदलायलासुद्धा कागद मागत बसतील.

तर मी भाच्याला म्हटलं, वरचे मजले बाजूला ठेव. मला खालचे बारा फूट दाखव.

दाखवण्यासारखं फार नव्हतं. तळघरात गाड्या, आणि तळघराला उजेड-वारा मिळावा म्हणून तळमजला रस्त्यापासून पाच फूट वर उचललेला. समोर गुळगुळीत ग्रॅनाइटच्या नऊ पायऱ्या, कठडा नाही. एका बाजूला उतार, पण तो गाड्यांचा. ही रचना लातुरात जागोजागी आहे आणि तिचा शेवट कसा होतो हे बाजारात फिरणाऱ्या कुणालाही विचारा. तळघरात पार्किंग मंजूर असतं, वर्षाभरात तिथं कुलूप लागतं आणि माल भरतो. गाड्या रस्त्यावर येतात. पाच फूट उचललेल्या दुकानात गुडघेदुखीचं माणूस चढत नाही, म्हणून दुकानदार पायऱ्यांवरच माल मांडतो. पहिल्या मजल्यावर एखादा क्लास चालतो, कारण लातूरच्या पोरांना गुणांसाठी कितीही जिने चढायची सवय आहे. दुसऱ्यावर एखादा सीए, एखादा दातांचा डॉक्टर. तिसऱ्यावर शटर आणि कबुतरं. आता त्यावर आणखी आठ मजले.

ऑफिसं येणार कुणाची, हे कुणीच विचारत नाही. आडत बाजाराचा कारभार गादीवर चालतो आणि गादी रस्त्याच्या पातळीला असते. सोयाबीनचा, तुरीचा भाव नवव्या मजल्यावर बसून ठरवायला आडत्या जाणार नाही. जातील ते बँका, विमा, क्लासचे कॉल सेंटर. पोरांना गावातच नोकरी मिळाली तर मला बाराऐवजी पंधरा मजलेही चालतील. पुण्याच्या ट्रॅव्हल्सला दर रविवारी रात्री पोरं चढवणाऱ्या आयांपैकी मी एक आहे.

तात्यांनी मग पाण्याचा पत्ता टाकला. "वर पाणी कोण चढवणार? आमच्या नळाला इथं खाली येईना." लातुरात पाण्याचा विषय निघाला की २०१६ ची रेल्वे येतेच. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. भाच्यानं तिथंच हिशोब केला. ऑफिसातल्या माणसाला रोजचे पंचेचाळीस लिटर धरतात, घरातल्याला एकशे पस्तीस. हजार माणसांचं ऑफिस म्हणजे दिवसाला पंचेचाळीस हजार लिटर, त्या गाडीचा जवळजवळ एक डबा. तात्या म्हणाले, "रोज एक डबा!" भाचा म्हणाला, "तात्या, तेवढ्याच जागेत फ्लॅट बांधले तर राहणारी माणसं कमी, पण माणशी पाणी तिप्पट." दोघंही बरोबर होते, म्हणून भांडण तिथंच थांबलं. चोवीस मीटरच्या वर आगीच्या वेळी थांबायला मोकळी जागा लागते, लिफ्टला जनरेटर लागतो, हे सगळं नियमात आहेच. नियमात असलेल्या गोष्टींवर आम्ही वेळ घालवला नाही.

घालवला तो संडासावर. लग्नसराईत खेड्यापाड्यांतून बस्ता बांधायला माणसं येतात. सकाळच्या एसटीनं येतात, संध्याकाळच्या एसटीनं जातात, त्यात निम्म्याहून जास्त बाया. मी तात्यांच्या दुकानात बसलेली असताना किती वेळा पाहिलंय: तीनच्या सुमाराला एखादी म्हातारी सुनेच्या कानाला लागते, सून इकडंतिकडं बघते आणि साड्या अर्ध्यावर सोडून सगळं बिऱ्हाड उठतं. काही जणी तर सकाळपासून पाणीच पीत नाहीत. भाच्याच्या चित्रात संडास होते की, प्रत्येक मजल्याला दोन. सगळे कार्ड दाखवून उघडणाऱ्या दाराच्या आत.

"तळमजल्याला, रस्त्याकडून दार असलेला, बायकांसाठी," मी म्हटलं. "आणि पाच फूट वर नको. रस्त्याच्या पातळीला. पुढं दहा फुटांची पडवी, बसायला ओटा."

भाचा म्हणाला, "मावशी, तळमजल्याचं भाडं सगळ्यात जास्त. मालक म्हणणार एक दुकान गेलं."

मला वाटलं होतं तात्या मालकाच्या बाजूनं बोलतील, व्यापारी माणूस. त्यांनी भाच्याच्या हातातला कागद ओढला आणि मागच्या बाजूला आकडे मांडायला लागले. एका दुकानाचं महिन्याचं भाडं. बस्त्याला आलेलं कुटुंब तासभर जास्त थांबलं तर सरासरी आणखी किती कापड जातं. तो तास सोळा रस्त्यांवरच्या दुकानांत वाटला तर किती. झाडलोटीला माणूस कोण ठेवणार, दुकानदारांनी वर्गणी काढायची की मालकानं. पाच रुपये घ्यायचे की फुकट. फुकट नको म्हणाले, फुकटचं कुणी झाडत नाही. मी म्हटलं, पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांना पाच रुपये, हे चालायचं नाही. यावर आमचं चांगलं अर्धा तास वाजलं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

भाच्यानं पुण्याला जाऊन चौथा पर्याय काढला. तळघर गेलं, मागच्या बाजूला दुमजली पार्किंग आलं. तळमजला खाली उतरला, पडवी बारा फुटांची झाली, पश्चिमेची काच निम्म्यावर आली आणि तिच्यापुढं उभ्या जाळ्या बसल्या. रस्त्याकडचा संडास दक्षिणेच्या कोपऱ्यात आहे, तात्यांच्या हिशोबाचा फोटो मालकाला पाठवलेल्या पत्राला जोडलाय. मजल्यांचा आकडा सॉइल टेस्ट येईपर्यंत मोकळा सोडलाय.

तात्या रोज विचारतात, "किती ठरले?"

"संडास ठरला का ते विचारा," मी म्हणते.

"ते बी विचारणारच होतो की."